माझ्यात नसलेला नावाडी

मी बोलतेय ती पुस्तकांच्या कपाटातून नव्हे, पडदे शिवायच्या टेबलावरून. कापड सरकू नये म्हणून मला त्यावर ठेवलंय. मी ऐतिहासिक कादंबरी, त्यातही प्रेमकथा. अंगाने चांगली जाडजूड.

छापखान्यातून निघाले तेव्हा मोठ्या तोऱ्यात होते. मुखपृष्ठावर किल्ला, घोडा आणि वाऱ्यावर उडणारे केस. लेखिका नावाजलेली. दुकानात आल्या दिवशीच एका बाईंनी मला उचललं, आतला वास घेतला आणि छातीशी धरून घरी आणलं. त्या पडदे शिवायचं काम करतात. घरात त्यांच्या सासूबाई, निवृत्त नर्स. आजूबाजूचे सगळे त्यांना अजून सिस्टरच म्हणतात.

सासू-सुनेत वैर नव्हतं, पण पंखा किती जोरात, खिडकी उघडी की बंद, यावरून रोज शब्दाला शब्द लागायचा. एकमत फक्त माझ्या लेखिकेबद्दल. ‘आपल्या बाई’ म्हणायच्या दोघी तिला. आधीची सगळी पुस्तकं त्यांनी आळीपाळीने वाचलेली. एकीची खूण लेसचा तुकडा, दुसरीची गोळ्यांचं रिकामं पाकीट.

या वेळी मात्र सिस्टरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेले. ऑपरेशन ठरलं होतं. जन्मभर दुसऱ्यांना धीर दिलेल्या त्या बाई स्वतः मात्र घाबरून गेल्या होत्या. सुनेला म्हणाल्या, "तूच वाचून दाखव. काही कमीजास्त झालंच, तर शेवटचं पुस्तक तरी आपल्या बाईंचं असू दे."

सूनबाईंनी आधी मला एकटीनेच वाचून काढलं. अर्ध्यापर्यंत चेहरा कसा फुललेला. माझी नायिका किल्लेदाराची मुलगी. वेढा पडल्यावर ती धान्य पुरवून पुरवून वाटते, दोराने तट उतरते, पहारेकऱ्यांना डुलकी घेऊ देत नाही. मग येतो शत्रूचा सेनापती. तो तिच्या माणसांची कोठारं जाळतो, आणि ही त्याचे उदास डोळे पाहून चक्कर येऊन पडते. त्यानंतर पडतच राहते. सेनापतीचा घोडा लढाईत काळा, तर लग्नात पांढरा. सूनबाईंनी मला धाडकन मिटलं. "काय हो बाई हे," एवढंच पुटपुटल्या. फार लागलं माझ्या मनाला.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर वाचन सुरू झालं. सेनापती येईपर्यंत सगळं माझ्यातलंच. आणि मग त्यांची नजर माझ्या ओळींवर, पण तोंडात भलतंच! किल्लेदाराची मुलगी सेनापतीला दाराबाहेर ताटकळत ठेवते आणि एका बडबड्या नावाड्याच्या मदतीने नदीतून धान्याची पोती आणते. नावाडी? मी मनातल्या मनात सगळी पानं चाचपली. अहो, माझ्यात नदीसुद्धा नव्हती.

सिस्टर खूश. म्हणाल्या, ते होडीचं परत वाच. आता आली का पंचाईत! सूनबाईंनी जमेल तसं परत ‘वाचलं’. मघाशी होडी निळी होती ना, अशी सिस्टरांना शंका आली. ही दुसरी होडी, असं सूनबाई पान उलटत म्हणाल्या. ऑपरेशनला जातानाही सिस्टर नावाड्याच्याच गोष्टी करत होत्या.

डोळे छान उघडले. नवा चष्मा आला तसं सिस्टरांनी सगळ्यात आधी मला ओढलं. शेवटपर्यंत वाचलं, मग मागून पुढे चाळलं. शेजारी सूनबाईंचं मशीन चालू होतं, सुईखाली कापड नसताना.

"यात नावाडी नाही," सिस्टर म्हणाल्या.

मशीन थांबलं. "नाही."

"तुझा होता?"

"हो. तुमच्या मनाला लागलं असतं, आई."

सिस्टरांनी चष्मा काढून पुसला. "आपल्या बाईंनी निराश केलं गं," म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज खरंच पडला होता. मग सूनबाईंनी हळूच घोड्याच्या रंगाचा विषय काढला. सिस्टरांना हसू फुटलं. ती दुपार दोघींनी मला सोलण्यात घालवली. नायिका कितीदा कोसळली हे आठवून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मला लाज वाटायला हवी होती. पण इतकं बारकाईने कुणी वाचणार असेल, तर सोलून घेतलेलंही गोड लागतं. आणि दोर धरून तट उतरण्याचं प्रकरण झकास आहे, हे दोघींनीही कबूल केलं, बरं का!

माझी एवढीच विनंती आहे. माझी लेखिका कुठे भेटली, तर तिला खुशाल बोल लावा, पण सोडून देऊ नका. या दोघींनी सोडलेलं नाही. कालच दुकानात फोन करून पुढचं पुस्तक ठेवायला सांगितलं. दुकानदाराने विचारलं, सिस्टरांना आता दिसतंय, मग दोन प्रती ठेवू का?

"एकच ठेवा," सिस्टर म्हणाल्या. "वाचणार हीच."

"आणि तेही फसलेलं निघालं तर?" सूनबाईंनी विचारलं.

"मग तर तूच वाचायला हवं."