भिंतीपलीकडचा कॉम्प्रेसर

आमचे भावजी, म्हणजे ताईचे यजमान, आमच्याच वर्कशॉपात गाड्या रंगवतात. हात असा, की दार बदललंय हे गाडीच्या मालकालाही कळू नये. मध्ये त्यांच्या छातीचं ऑपरेशन झालं आणि माणूस बरेच महिने घरी बसला. डॉक्टरांनी थोडंथोडं काम करा म्हटल्यावर कसेबसे यायला तयार झाले. तेही अट घालून.

"एक गाडी रंगवून बघतो," म्हणाले. "जमलं तर ठीक. नाहीतर भावाच्या कापडाच्या दुकानात गल्ल्यावर बसेन. त्याने तर खुर्चीही रिकामी करून ठेवलीय."

आता भावजी आणि गल्ला? गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की हे अर्धं दुकान त्याला फुकट देऊन मोकळे होतील. पण बोलायचं कुणी? आम्ही आपले मनातून घाबरलेले.

ठरलेल्या दिवशी भावजी आले, सोबत ताईही. एका पांढऱ्या गाडीचं दार घासूनपुसून तयार होतं. त्यांनी मास्क लावला, डब्यात काडी फिरवून रंग बघितला, रंग फवारायची गन हातात घेतली. मी गनला हवा देणाऱ्या कॉम्प्रेसरचं बटण दाबलं. मोटर नुसती घुमली. हूं हूं करत राहिली, वेग घेईना, आणि फट्ट करून बंद.

कॉम्प्रेसर आठवडाभर कुरकुरत होताच. पण म्हटलं, आजच्या दिवशी तरी लाज राखेल. कसली राखतोय.

वायरमनला बोलावलं. आमचा वायरमन माणूस चांगला, फक्त मोटर दिसली की त्याला ती जळलेलीच वाटते. आल्याआल्या नाक लावून वास घेतला.

"वाइंडिंग गेलं असणार."

"अरे, आधी बघ तरी," मी म्हटलं.

मग बघायला लागला. मेन बंद केला, टाकीतली हवा सोडली, पट्टा काढून पंपाचं चाक हाताने फिरवलं. गुळगुळीत फिरलं, म्हणजे पंप अडकलेला नव्हता. बिनपट्ट्याची मोटर चालू केली, तर पळाली की बेटी. पट्टा चढवला की पुन्हा रडगाणं. मोटरला सुरुवातीचा धक्का देणारा कपॅसिटर नवा टाकला, तरी तेच. बोर्डावर मीटर लावून बघितला, विजेचा दाब पुरेपूर.

"लाईट बरोबर, पंप बरोबर, कपॅसिटर नवा," तो बोटांवर मोजत म्हणाला. "राहिली कोण? मोटरच ना? खोलतो. चार दिवस धरा."

तिकडे भावजींनी मास्क खाली ओढला. गन पुसून परत खोक्यात ठेवायला लागले. मला ते बघवेना.

"थांबा ना जरा," मी म्हटलं.

"अरे, नशिबातच नसेल. जाऊ दे." मग कान टवकारले. "पण मघाशी मोटरचा आवाज एवढा लांबून का येत होता?"

मी ताईकडे बघितलं, ताईने छताकडे.

त्याचं असं झालं होतं. भावजींना धडधडाट नको, धूळ नको म्हणून ताईने माझ्या मागे लागून कॉम्प्रेसर आठवड्यापूर्वी मागच्या पडवीत हलवून घेतला होता. हवेची नळी भिंतीतून आत आणली होती. भावजींना यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

ते उठले तशी ताई आडवी आली. "तुम्ही कशाला जाताय उन्हात? बसा इथे."

"बसूनच होतो इतके महिने," म्हणाले आणि गेले मागे.

कॉम्प्रेसरकडे बघितलंच नाही. बघितली वायर. आतल्या बोर्डापासून निघालेली, ड्रिल चालवायची बारीक एक्स्टेन्शन, आणि उरलेली सगळी रिळावर गुंडाळलेली. रिळाला हात लावला आणि झटकन काढला.

"भाजतंय हे. मेव्हणे, ही अक्कल कुणाची?"

"माझी," मी म्हटलं. "जागेची ताईची."

"बोर्डावर मीटर लावून काय कळणार? मोटरपाशी लाव," ते वायरमनला म्हणाले. "आणि चालू करतानाच बघ."

वायरमनने मोटरच्या टोकाला मीटर लावला, मी बटण दाबलं. मोटर घुमली आणि आकडा दोनशे तीसवरून धाडकन दीडशेवर आला.

"वायरच सगळं खातेय," वायरमन हसायलाच लागला. "मोटरला मिळतंय काय मग? उपाशी बिचारी, ओझं कसं ओढणार? बरं झालं खोलली नाही."

"मग जाड वायर आणू," ताई म्हणाली. "राहू दे तो इथेच. आत आला की किती धडधडतो."

"धडधडू दे की."

"तुमच्या छातीला—"

"तीही धडधडायलाच दुरुस्त केलीय ना?" भावजींचा आवाज जरा चढला, मग उतरला. "अगं, मला न विचारता सगळं हलवता. मी काय इथे पाहुणा आलोय?"

ताईने पदराने कपाळ पुसलं, आणि दुसऱ्या क्षणी कॉम्प्रेसरच्या मुठीला तिचाच हात आधी लागला. आम्ही तिघांनी ढकलत तो आत आणला. भावजींनाही हात लावायचा होता, पण तेवढं मात्र तिने ऐकलं नाही. जुन्या जागी, भिंतीतल्या त्याच्या जाड वायरीच्या पॉइंटवर जोडला.

बटण दाबलं. मोटरने एक हुंकार दिला आणि सुटली. अख्खं वर्कशॉप दणाणलं. हवेच्या दाबाचा काटा हळूहळू वर चढायला लागला. टाकी भरून मोटर थांबली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

भावजींनी पहिला हात मारला तेव्हा रंग मध्येच थोडा विरळ पडला. मला दिसलं, त्यांनाही दिसलं. थांबले, श्वास घेतला, आणि दुसरा हात दाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात नेला. रंग कसा बसला म्हणून सांगू? ओलं ऊन पडल्यासारखा.

पहिला थर सुकायला ठेवून ते स्टुलावर बसले. घामाघूम झाले होते, दमले होते. ताई पाण्याचा तांब्या घेऊन बाजूला उभी.

पाणी पिता पिता त्यांची नजर कोपऱ्यातल्या बॉनेटवर गेली.

"ते कोण घासतंय?"

"मीच," मी म्हटलं.

"तरीच. कडा सोडल्यास तू. सकाळी येऊन दाखवतो, तोवर हात लावू नकोस."