तक्त्याच्या खालच्या तीन ओळी

उन्हाळा लागला की आमचे हे शनिवारी घरात टिकत नाहीत. आठवडाभर बस चालवून माणूस दमतो, सुट्टीच्या दिवशी पंख्याखाली पाय पसरून पडतो, असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही आमच्या ह्यांना ओळखत नाही. सकाळी सहाला पाण्याच्या बाटल्या भरून, सायकलींमध्ये हवा मारून तयार! "चल गं, ऊन चढायच्या आत निघू." नियम दोनच. सायकलने जाता येईल आणि दिवेलागणीच्या आत परतता येईल इतकंच लांब जायचं, आणि शनिवारी बसचं नावसुद्धा काढायचं नाही. आमची मुलगी फोनवर हसते. "आई, तुमची साहसं घराच्या गच्चीवरून दिसतात." दिसेनात का! गच्चीवरून बघणं वेगळं आणि तिथे जाऊन धापा टाकणं वेगळं.

यंदाचा पहिला शनिवार टेकडीचा होता. चढताना सगळं ठीक. उतरताना ह्यांची डाव्या बाजूची एक पायरी चुकली आणि हे सरळ बुडावर बसले. दोष कोणाला? बुटांना. दुसऱ्या शनिवारी नदीकाठच्या बांधावरून सायकली हाणत होतो, तर हे सायकलसकट डावीकडच्या झुडपात. "झुडूप रस्त्यात आलंय," म्हणाले. कानात पानं, केसांत काटक्या, आणि वर रुबाब! मी पोट धरून हसले. खाली बसून हसले.

आता माझी अक्कल बघा. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, एकोणीस वर्षं झाली. गिऱ्हाईक दारातून आत येताना मान कशी वळवतं यावरून त्याचा कुठला डोळा अधू आहे ते मी सांगते. आमचे मालक मला कौतुकाने 'डॉक्टरीण' म्हणतात. आणि ही डॉक्टरीण स्वतःच्या नवऱ्याच्या केसांतल्या काटक्या काढत हसत बसली होती. कपाळ माझं!

तिसऱ्या शनिवारी आम्ही तलावावर गेलो. तिथे वल्हवायच्या छोट्या होड्या भाड्याने मिळतात. हे उडी मारून आत गेले, वल्ही धरली आणि होडीच्या नाकाकडे तोंड करून बसले. होडीवाला म्हणाला, "काका, उलटं बसा. जायचंय तिकडे पाठ करायची."

"एकतीस वर्षं गाडी चालवतोय. रस्त्याकडे पाठ करून एक दिवस बसलो नाही."

"अहो, पण होडी आहे ही!"

ऐकतील तर शपथ. दहा मिनिटं आम्ही काठापासून चार हातांवर गोल गोल फिरलो. काठावरची पोरं टाळ्या वाजवायला लागली. शेवटी माझं डोकं फिरलं. "व्हा बाजूला," म्हटलं आणि वल्ही हिसकावून घेतली. माझी पाठ पुढे, हे माझ्यासमोर मागच्या फळीवर, तोंड पुढे करून. मी ओढायचं, ह्यांनी बघायचं आणि सांगायचं. "थोडं उजवीकडे. हां, आता सरळ." होडी छान सुटली. पाण्यावर ऊन नाचत होतं, वाराही बरा होता. मी मनात म्हटलं, असं काहीतरी आम्हाला लग्न झाल्या झाल्या सापडायला हवं होतं.

तलावाच्या मध्यावर आल्यावर हे म्हणाले, "सोमवारी तपासणी आहे."

"कसली?"

"वर्षाची. डेपोत डोळ्यांचे डॉक्टर येतात ना, ती." मग म्हणाले, "त्यांच्याकडे अक्षरांचा तक्ता आहे. तुमच्या दुकानात लावलाय, अगदी तोच."

"असेल. मला तर झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन." आणि हे मी, मूर्खासारखी, तोऱ्यात सांगितलं.

"मग खालच्या तीन ओळी सांग."

मला आधी चेष्टा वाटली. ह्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि वल्ही थांबवली. पायरी, झुडूप, सगळं एका क्षणात कळलं.

"डावा?" मी विचारलं.

"डावा. मधोमध धुकं बसलंय. कडेचंही नीट दिसत नाही. चार महिने झाले. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन एका डॉक्टरांना दाखवून आलो. चष्म्याने जाणार नाही म्हणाले. उजवा ठणठणीत आहे."

"चार महिने! आणि मला आज सांगताय? मी काय दुकानात बसून भुईमुगाच्या शेंगा विकते?"

"ओरडू नकोस, पाण्यावरून आवाज लांब जातो."

"जाऊ दे! सगळ्या तलावाला कळू दे!"

"अगं, तो रूट मी डोळे मिटून चालवू शकतो."

"तेच तर म्हणतेय मी!"

हे बोटांनी होडीच्या कडेचा रंग खरवडत बसले. मग म्हणाले, "दोनच वर्षं राहिलीत गं. नापास झालो तर गाडीवरून उतरवतील. कंट्रोलरच्या खोलीत टेबल देतील, दुसऱ्यांच्या गाड्या कधी सुटल्या त्या वेळा लिहायला. मला नाही जमणार. मी मरून जाईन त्या खोलीत." आणि त्यांची हनुवटी थरथरली. सासरे गेले तेव्हासुद्धा चार माणसांत ज्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, त्यांची.

मी विरघळले. वाईट केलं, पण केलं. पुन्हा वल्ही धरली आणि सांगायला लागले. एका ओढीला एक अक्षर. मी म्हणायचं, त्यांनी मागून म्हणायचं. बेचाळीस थांबे क्रमाने पाठ असलेला माणूस तो, त्याला तीन ओळी म्हणजे काय! दुसऱ्या फेरीला एकही चूक नाही. खोटं कशाला बोलू, मला मजाही वाटायला लागली होती. शाळेतल्या बाकावर बसून मास्तरांच्या नकळत काहीतरी चाललंय असं वाटत होतं.

"शाबास!" मी म्हटलं. "पुढे मोकळं आहे ना?"

"एकदम मोकळं. ओढ जोरात. मी आता उलटीकडून म्हणून दाखवतो."

मी जोरात ओढलं आणि माझ्या पाठीमागून किंकाळी आली.

मान वळवून बघते तो होडीच्या नाकापासून हातभर अंतरावर पांढऱ्या टोपीतलं एक डोकं. साठीच्या एक बाई उताण्या पोहत होत्या. मी दोन्ही वल्ही पाण्यात रुतवली, होडी तिरकी झाली, आणि तिची कड बाईंच्या खांद्याला घासून गेली.

"डोळे आहेत की बटणं?" बाई कडाडल्या. "एवढा तलाव पडलाय, माझ्याच अंगावर आणायची होती?"

माझ्याही नाकावर राग. "अहो, मला पाठीमागचं कसं दिसणार? हे बघतायत ना पुढे!"

म्हटलं आणि माझं तोंड तिथेच मिटलं.

बाईंनी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. "बाई, माफ करा," एवढंच म्हणाले. "तुम्ही डावीकडून येत होतात. मला दिसला नाहीत." बाईंना काय वाटलं कोण जाणे. खांदा चोळत म्हणाल्या, "असू द्या, खरचटलंय फक्त," आणि पालथ्या होऊन काठाकडे गेल्या. काठावर त्यांची नात टॉवेल धरून उभी होती.

परतताना मीच मागे वळून वळून बघत होडी आणली. घरी येताना ह्यांच्या डाव्या बाजूला मी, असे सायकली हातात धरून चालत आलो. डब्यातल्या उकडलेल्या अंड्यांना कोणी हात लावला नाही.

रविवारी दिवसभर घरात भांड्यांचा आवाज तेवढा. संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालताना मला राहवलं नाही. "मी सांगायला नको होतं," म्हटलं. "माझी चूक झाली. पण आता तुम्हाला पाठ झालंय, ते मी परत कसं घेऊ?"

हे सॉक्सच्या जोड्या लावत होते. म्हणाले, "मी विचारायला नको होतं." बस, इतकंच. सोमवारी काय करणार हे त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायची माझी छाती झाली नाही.

सोमवारी अकराला तपासणी. दुकानात माझा जीव थाऱ्यावर नव्हता. एका आजोबांना मी बायकी फ्रेम दाखवली, दोनदा. तो तक्ता समोरच्या भिंतीवर, नजर वर केली की खालच्या तीन ओळी. पास झाले तर काय करायचं मी? डेपोत जाऊन नवऱ्याविरुद्ध सांगायचं? सांगितलं असतं, असं आज म्हणते. तेव्हा मी नुसती घड्याळाकडे बघत होते.

सव्वा वाजता हे आले. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. हे तशीच वाट काढत काउंटरपाशी आले.

"उजवा पूर्ण वाचला," म्हणाले. "मग उजव्यावर झाकण ठेवून डावा. वरच्या दोन ओळी कशाबशा. डॉक्टर चांगला माणूस, म्हणतो, घाई नाही, प्रयत्न करा, निदान एखादं अक्षर तरी. सगळी अक्षरं जिभेवर आली होती गं. उलटीकडूनसुद्धा."

"मग?"

"मग म्हटलं, डॉक्टर, मला दिसत नाही."

मी काउंटरच्या बाहेर आले आणि गिऱ्हाइकांदेखत ह्यांच्या छातीवर डोकं ठेवून रडले. आनंदाने की दुःखाने, ते मला अजून सांगता येत नाही. हे माझ्या पाठीवर थोपटत मालकांना म्हणत होते, "काही नाही, जरा उन्हाचा त्रास."

मंगळवारी सकाळी ह्यांनी सवयीने गणवेश चढवला, शेवटचं बटण लावलं आणि आरशासमोर थांबले. टेबलाचं काम दहाला सुरू होणार होतं. मी म्हटलं, "राहू द्या अंगावर. मला दुकानापर्यंत सोडायला चला."

माझं दुकान ह्यांच्याच रूटवर आहे. एकोणीस वर्षं मी सकाळी त्याच बसने कामाला जाते, ड्रायव्हरच्या डोक्याची मागची बाजू बघत. परवापर्यंत काळं असलेलं ते डोकं कधी पांढरं झालं, ते मी तिथूनच पाहिलं. बस आली. नव्या ड्रायव्हरने ह्यांना बघून हात वर केला, ह्यांनीही केला. आम्ही दोघं मधल्या सीटवर बसलो. मी ह्यांच्या डाव्या बाजूला. प्रत्येक थांबा आला की ह्यांचा उजवा पाय खाली ब्रेक दाबायचा. चार-पाच थांब्यांनंतर मी ह्यांचा हात माझ्या हातात घेतला. त्या बसमध्ये हे माझ्या शेजारी पहिल्यांदाच बसले होते.