माणसांची गाडी

२०२३ साल. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी तीन वाजता धोंडुबाई कोल्हापुरातल्या एका शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर उभी होती आणि तिचा पारा चढत चालला होता. पिकअपच्या इन्शुरन्सवर सही करायची आहे, असं सांगून सम्राटनं आईला गडमुडशिंगीहून आणलं होतं. पिकअप तिच्याच नावावर होती. केरबानं, तिच्या नवऱ्यानं, हौसेनं तशी घेतली होती, आणि आज तोही त्याच गाडीतून बरोबर आला होता. इथं येऊन बघते तर समोर पांढरी चकचकीत छोटी एसयूव्ही, आणि टेबलावर पिकअप एक्सचेंजमध्ये देत असल्याचा कागद.

"मावशी, आत बसून तरी बघा," विक्रेता गुरुप्रसाद म्हणाला. टाय बांधून तो घामाघूम झाला होता. "जिल्ह्यात सध्या हीच खपती. सनरूफ हाय. डिकी तीनशे लिटरची हाय."

"डिकीत दूध वतत्यात व्हय रं?"

"तसं न्हाय मावशी, सामान..."

"म्हस बसंल का तिच्यात?"

शेजारच्या टेबलावरचं गिऱ्हाईक फस्सकन हसलं. सम्राटचे कान लाल झाले.

"आणि छताला भोक कशापायी? आमच्या पिकअपला मागं छतच न्हाय. आभाळच आभाळ."

म्हशी हाच धोंडुबाईचा संसार. ती लग्न होऊन आली तेव्हा गोठा शहरातच होता, गंगावेशीच्या मागं. संध्याकाळी म्हशी दूधकट्ट्यावर नेऊन बांधायच्या, गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की धार काढायची आणि फेसाळ पेला त्याच्या हातात द्यायचा. सासूनं तेच केलं, तिनंही तेच. दुधात पाणी घालायला तिथं जागाच नाही. धार पिणाऱ्याच्या डोळ्यांदेखत पडते. मग गोठ्याभोवती बंगले उठले, आणि रोज तिचं दूध पिणाऱ्यांनीच वासाबद्दल अर्ज केला. शहराला दूध हवं होतं, शेण नको होतं. गोठा गडमुडशिंगीला गेला आणि दोन म्हशी रोज कट्ट्यावर आणायला पिकअप आली. फळी लावली की म्हशी आपण होऊन चढत. त्या अर्जाचा राग तिनं तेव्हा गिळला होता. आज तो पुन्हा घशाशी आला.

"सम्राट, खरं बोल. ही गाडी कुणासाठी?"

"कुरुंदवाडचं पावणं काय बोलून गेलं, इसरलीस व्हय?"

विसरली नव्हती. सम्राटसाठी बघितलेल्या मुलीचे, स्वप्नालीचे मामा दारातल्या पिकअपला वळसा घालून, नाकाला रुमाल लावून घरात आले होते. दोन कप चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "पावणं, घरात माणसांची गाडी न्हाय व्हय?" चहातलं दूध कुणाचं, हे त्यांनी विचारलं नाही.

"मामाला मोटारीसंगं लगीन लावायचं असंल तर लावू दे."

"आई, चेष्टा नको. तेहेतीस वय हाय माझं. चार नकार आल्यात. बायोडाटात काय लिहू? म्हशींचा ड्रायव्हर?"

"लिही की! खोटं काय हाय त्यात?"

गुरुप्रसादनं मध्ये तोंड घातलं. "मावशी, तुमच्या पिकअपला भाव पण झकास मिळतोय. जुन्या पिकअपवर उड्या पडत्यात."

"का पडत्यात?"

"कामाची गाडी की. भाजी, दूध, पेंड, सगळं ओढती."

"आणि ही?"

"ही फॅमिलीसाठी. शोरूमच्या बाहेर काढली की किंमत जरा उतरती, पण दारात उभी केली की इज्जत..."

"ऐकलंस? जिच्यावर उड्या पडत्यात ती द्यायची, आणि दारात उभी ऱ्हाणारी घ्यायची. अक्कल कुठं ठेवून आलास?"

"मग ठेव तुझी पिकअप!" सम्राट ओरडला. सगळं शोरूम वळून बघायला लागलं. "उद्यापासनं मी चालवणार न्हाय. अंगाला शेणाचा वास घेऊन मी फिरणार न्हाय."

धोंडुबाईनं दाराशी उभ्या असलेल्या केरबाकडे पाहिलं. "अवो, तुम्ही तरी बोला."

केरबा चपलेकडे बघत म्हणाला, "कर की सही. लगीन मोडंल पोराचं."

म्हणजे यांनाही ठाऊक होतं.

"गोठा उठवताना लोकांनी निदान अर्ज तरी केलता," ती म्हणाली. "तुम्ही तेवढंबी केलं न्हाईसा."

तिनं पेन टेबलावर आपटलं आणि उन्हात जाऊन पिकअपमध्ये बसली. चार वाजत आले होते. म्हशींच्या कासा तटल्या असतील. बऱ्याच वेळानं दार उघडलं. सम्राट नव्हता. केरबा चढला आणि त्यानं किल्ली फिरवली. त्या दिवशी कट्ट्यावर पोचायला तासभर उशीर झाला आणि निम्मं गिऱ्हाईक निघून गेलं होतं.

ती सोयरीक मोडली. सम्राटनं वारणानगरला नोकरी धरली, तशीच एसयूव्ही हप्त्यावर घेतली आणि वर्षाच्या आत अनुजाशी लग्न केलं. अक्षता पडल्या आणि धोंडुबाई धारेच्या वेळेला परत निघाली, याचा राग त्याच्या मनातून अजून गेलेला नाही. गुरुप्रसादनं शोरूम सोडलं. आता तो जुन्या पिकअप विकतो आणि टाय बांधत नाही. स्वप्नाली एकदा कट्ट्यावर दूध प्यायला आली होती. नवऱ्याचा फुलांचा धंदा, त्याचीही पिकअपच. "मावशी, मामा काय बोलले ते मला लई उशिरा कळलं," ती म्हणाली. "मला कुणी इचारलंच न्हवतं." केरबानं मोतीबिंदू होईपर्यंत पिकअप चालवली. घरात दोघं बोलत, पिकअपमध्ये शेजारी बसून मात्र धोंडुबाईनं त्याच्याशी कधी शब्द काढला नाही. आता शेजारचा बंडू चालवतो.

गेल्या थंडीत सम्राटची गाडी कट्ट्यापाशी थांबली. काच खाली आली.

"आई, बस की. घरला सोडतो."

"म्हशी?"

मागून कुणीतरी हॉर्न मारला. "बंडू हाय की," तो म्हणाला.

"व्हय, बंडू हाय. तू जा."

काच वर गेली. धोंडुबाईनं दुसऱ्या म्हशीची कास धुतली, उकिडवी बसली आणि समोरच्या माणसाला विचारलं, "पावणं, पेला मोठा का बारका?"