अंगणातली ओल

हे काय शहाण्या माणसाचं वागणं झालं? सॅम्युअल शेजारणीच्या दारात गेला, टोपी काढून हातात धरली आणि माफी मागून आला. कशाची? तर आपल्या आईच्या स्वयंपाकाची!

वेम्बलीतलं ते घर जुनंपुराणं. मागच्या अंगणात कुंपणाजवळची जमीन कायम ओली, आणि जरा ऊन पडलं की नाक धरायची पाळी. शेजारच्या मिसेस हॉब्सनं बसल्या जागी निकाल दिला होता : तुम्ही लोक भात आणि तेल मोरीत ओतता, तुमचा पाइप तुंबलाय. सॅम्युअलनं मान डोलावली. वर कबूलही करून आला, आजपासून तळण बंद. आणि रविवारचा मलिदासुद्धा या घरात होणार नाही.

त्याच्या आईच्या, एलिशेबाबाईंच्या, डोक्यात तिडीक गेली ती मलिद्यावरून. विलायतेत स्वतःचं घर झालं तर आपल्या ज्यू लोकांच्या प्रेषिताचा, एलियाहू हन्नाबीचा, मलिदा करीन, हा नवस त्यांचा. गोड पोह्यांचं सामान येऊन पडलेलं, नारळ आणलेले, प्रार्थनेला आपली सगळी माणसं बोलावलेली.

“आई, आपल्याला इथे राहायचंय,” सॅम्युअल म्हणाला.

“राहा की! पण आपला पाइप जातो कुठून, ते बघितलंस?”

“कौन्सिलला विचारलं. इतक्या जुन्या घराचा प्लॅन त्यांच्याकडे नाही.”

“मग तुंबलाय तो आपलाच, हे तुला स्वप्नात दिसलं?”

सॅम्युअलनं पेपर तोंडासमोर धरला.

सोमवारी तो ऑफिसला गेला आणि बाईंनी बादलीत मूठभर हळद कालवली. सून सिमाला किचनच्या सिंकशी उभं केलं आणि स्वतः पुढच्या रस्त्यावरच्या गटाराच्या जाळीवर वाकल्या. मुंबईत घरचं पाणी रस्त्याकडेच जायचं. इथलं आणखी कुठे जाणार?

“ओत गं!”

सिमानं ओतलं. पिवळा थेंब दिसला नाही. पडद्याआडून बघणारी मिसेस हॉब्स तेवढी दिसली.

“या इंग्रजांचं सगळंच उलटं,” असं पुटपुटत बाई मागे आल्या.

अंगणात कोळशाच्या पेटीमागे एक गंजलेलं लोखंडी झाकण होतं. सासूसुनेनं ते पहारीनं उचकटलं. खाली विटांचा चौकोनी खड्डा. पाणी आत येणारी दोन तोंडं : एक किचनच्या बाजूचं, दुसरं कुंपणाच्या. सिमानं पुन्हा हळद ओतली. किचनकडच्या तोंडातून पिवळंधमक पाणी खळखळत आलं आणि समोरून बाहेर निघून गेलं. अडलं नाही, तुंबलं नाही. कुंपणाजवळची ओल होती तशीच काळी.

“आपला पाइप साफ आहे,” बाई म्हणाल्या. “मग हे दुसरं तोंड कोणाचं?”

तेवढ्यात शेजारी धुण्याचा टब रिकामा झाल्याचा आवाज आला. सोमवार मिसेस हॉब्सचा कपड्यांचा. बघता बघता कुंपणाजवळची ओल फुगली, मातीतून फेस वर आला, आणि फेसात निळे ओघळ. नीळ! या घरात नीळ कोणी वापरत नव्हतं. खड्ड्यातल्या दुसऱ्या तोंडातून मात्र जेमतेम धार गळली.

“आई, तिचा पाइप आपल्या अंगणाखालून जातो!” सिमा ओरडली. “आणि फुटलाय तो तिचाच!”

“झाकण उघडंच ठेव. तुझ्या साहेबांना दाखवायचंय.”

संध्याकाळी सॅम्युअलनं खड्डा बघितला, मातीवर वाळलेला निळा थर बघितला. सगळं समजलं त्याला. मग हळूच म्हणाला, “पण आई, तिला हे सांगायचं कसं? वाईट वाटेल तिला.”

सिमानं तोंड फिरवलं. एलिशेबाबाई कमरेवर हात ठेवून मुलासमोर उभ्या राहिल्या, आणि कुंपणापलीकडेही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या :

“सॅम्युअल, जग तुला सभ्य म्हणतं. तुला जन्म मी दिलाय, म्हणून मी सांगते, तू भित्रा आहेस. गोऱ्या बाईनं नुसती भुवई उचलली, तर तू आईचा नवस मोडायला निघालास. मलिदा याच घरात होणार, मासे याच घरात तळले जाणार. तुला लाज वाटत असेल, तर रविवारी तिच्याकडे जाऊन उकडलेला बटाटा खा!”