तिसरी खाच

माझ्या हार्पसिकॉर्डच्या, म्हणजे पियानोच्या आधीच्या तारवाद्याच्या, पट्ट्या सगळ्या मिळून डावीउजवीकडे सरकतात. त्यांच्या कडेला लाकडी ठोकळा बसवायला तीन खाचा आहेत. ठोकळा पहिल्या खाचेत असला की वाद्य आजच्या वाद्यांच्या सुरात वाजतं. दुसऱ्या खाचेत ते अर्धा स्वर खाली जातं. चारशे वर्षांपूर्वीची गाणी आम्ही त्या सुरात गातो. तिसरी खाच आणखी अर्धा स्वर खाली नेते, ती क्वचितच लागते. ठोकळा भलत्या खाचेत राहून जाणं ही आमच्या लोकांची नेहमीची चूक. आमच्या युट्रेख्त शहरात ती न केलेला वादक मला माहीत नाही.

त्यामुळे जानेवारीत आमची गायिका आलाइडा म्हणाली, "हिल्डे, ठोकळा पहिल्या खाचेत राहिलाय बघ. वीबे येणार आहे की काय आज?" तेव्हा मी सवयीनं वाकून पाहिलं. ठोकळा दुसऱ्या खाचेत होता. जिथं असायला हवा तिथंच.

आलाइडाला गाण्याआधी कुणी सूर द्यावा लागत नसे. किटलीची शिट्टी, सायकलची घंटा, कशाचाही स्वर ती नाव घेऊन सांगे. एकोणीस वर्षं मी तिच्या साथीला आहे आणि एकदाही तिला सूर दिला नव्हता.

"राहिलाच की गं," मी म्हणाले, आणि ठोकळा तिसऱ्या खाचेत टाकला.

"आता कसं!" ती म्हणाली, आणि गायला लागली.

ती गेल्यावर मी एकच ठरलेला सूर देणारा नादकाटा काढून वाद्य तपासलं. वाद्यात काही दोष नव्हता.

वाद्यं जुळवण्याआधी मी भौतिकशास्त्र शिकले. कानाच्या आत शंखासारख्या भागात एक पातळ पडदा असतो आणि प्रत्येक स्वर त्यावर आपापल्या जागी थरथरतो. वयानुसार या जागा सरकत असाव्यात, असं मानतात. काहींना मग सगळंच थोडं वरचं ऐकू येतं. ज्यांना स्वरांची नावं कानानं कळत नाहीत त्यांना याचा पत्ताही लागत नाही. आलाइडाला मात्र जो स्वर बरोबर वाटे तो प्रत्यक्षात खालचा निघू लागला होता. उपाय काय, हे मी तीन महिने शोधत होते. कुठंही सापडला नाही.

वीबे जॅझवाला, काठ्यांनी धातूच्या पट्ट्या वाजवायचा व्हायब्राफोन वाजवतो. त्या पट्ट्यांचा सूर आजचा आणि पक्का, म्हणून तो असला की माझा ठोकळा पहिल्या खाचेत. त्या वर्षी आम्ही तिघांनी एक जुनं विलापगीत बसवायला घेतलं होतं. पहिल्या आठ ओळी आलाइडा एकटी गाई. मग आम्ही दोघं चार उतरत्या स्वरांनी तिच्याखाली शिरायचं, आणि पुढं वीबे नेईल तिकडं जायचं. फेब्रुवारीत पहिल्या तालमीला ती अर्धा स्वर खाली उतरली. वीबेनं पापणीही न हलवता शेजारच्या पट्ट्यांवर हात नेला. मी तिच्या आठव्या ओळीत ठोकळा दुसऱ्या खाचेत हलवला.

ती घरी गेल्यावर आम्ही स्वयंपाकघरात ब्रेड-चीज खायला बसलो.

"तुम्ही चर्चवाले भलतेच सभ्य," वीबे म्हणाला. "बाई एक मजला खाली उतरल्या, तर तू गुपचूप लिफ्टच खाली आणलीस."

"तूही आणलीस की."

"माझं सोड. आमच्यात गाणारा जिथं उतरेल तेच घर. पण तिला सांगणार कोण?"

"तू सांग."

"मी? अगं, ती मला अजून पत्रे बडवणारा म्हणते." त्यानं ताकाचा पेला संपवला. "आणि तू काय, जन्मभर ठोकळाच हलवणार आहेस?"

मेअखेर येणाऱ्या पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या मैफलीनंतर सांगायचं असं ठरलं. तोवर पाच ठिकाणी कार्यक्रम झाले. कुणाच्याही लक्षात आलं नाही. एका वर्तमानपत्रानं तिचा आवाज आता अधिक गडद झाल्याचं लिहिलं, ते तिनं आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवलं.

पेंटेकॉस्टच्या रविवारी, दुपारी तीन वाजता, चर्चमध्ये ती उभी राहिली आणि गायली. इतकं चांगलं गाताना मी तिला क्वचितच ऐकलं होतं. पण तिचा सूर अर्ध्या स्वरापेक्षा खाली आणि पूर्ण स्वरापेक्षा वर होता. त्या जागी माझ्याकडे खाच नव्हती, वीबेकडे पट्टी नव्हती. आठवी ओळ संपली. वीबेच्या काठ्या हवेतच राहिल्या. आलाइडानं आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून गायला लागली. लोकांना ते मुद्दाम केल्यासारखं वाटलं असावं. दुसऱ्या खेपेला वीबेनं जवळातला जवळ स्वर वाजवला. तो तिच्या सुरावर घासला आणि ती थांबली.

माणसं निघून गेल्यावर तिनं माझ्यापुढं हात पसरला. मी नादकाटा दिला. तिनं तो गुडघ्यावर आपटून आधी उजव्या कानाशी धरला, मग डाव्या.

"दोन्हीकडे वेगळा आहे," ती म्हणाली. "कधीपासून?"

"उजवा-डावा मला माहीत नाही. बाकी जानेवारीपासून."

"जानेवारीत तू म्हणालीस, राहिलाच की गं."

"हो."

"म्हणजे पाच महिने मी तुझी चूक काढत होते, आणि तू काढू देत होतीस."



"आलाइडा, ऐक," वीबे म्हणाला, "मी सूर देतो ना! तेवढ्यानं काय बिघडतं? आमच्यात सगळेच घेतात."

"दे."

त्यानं एक पट्टी हलकेच वाजवली. तिनं तो सूर अचूक उचलला आणि रिकाम्या चर्चमध्ये आठ ओळी गायल्या. शेवटी वीबेनं तीच पट्टी पुन्हा वाजवली. आलाइडा खाली आली होती. तिसऱ्या ओळीपासूनच घसरत गेली होती, तिच्या कानाला जे बरोबर वाटत होतं त्याच्याकडे.

"पुन्हा," ती म्हणाली.

दुसऱ्यांदाही तेच झालं. तिसऱ्यांदा तिनं उजव्या कानात बोट घातलं, तेव्हा तिचा सूर दुसऱ्या ओळीतच सुटला. वीबेनं काठी उचलून धरली आणि वाट पाहिली. चौथ्यांदा तिनं सूर मागितला नाही. ती कोट घालत होती.

"मंगळवारी तालीम आहे," मी म्हणाले.

"तुमची आहे," ती म्हणाली, आणि बाहेर जाऊन सायकलचं कुलूप काढू लागली.