जाऊदेकाकांचा जॅमर

कुलूप खट् करून बसलं तेव्हा हवालदारांना सकाळपासून पहिल्यांदाच जरा बरं वाटलं. रसायनशास्त्र विभागाच्या दारासमोर आगीच्या बंबासाठी लाल पट्टे मारून जागा मोकळी ठेवलेली होती. त्या पट्ट्यांच्या बरोबर मधोमध एक पांढरी गाडी उभी होती आणि तिच्या पुढच्या चाकाला आता पिवळा जॅमर लागला होता. शेजारच्या स्कूटरच्या चाकात त्यांनी मघाशीच साखळी अडकवली होती. हाताला काम होतं तोवर डोक्याला उसंत होती. काम संपलं आणि नजर पुन्हा दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्यांकडे गेली.

त्या खिडक्यांआड आज त्यांच्या मुलीची शेवटची तोंडी परीक्षा होती. प्रबंधामागे तिने उमेदीची वर्षं घातली होती. बाहेरगावाहून परीक्षक बाई येणार होत्या. त्यांनी हो म्हटलं की पोरगी डॉक्टर, नाही म्हटलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. "आज त्या बाजूला फिरकू नकोस हं बाबा," असं तिने दोनदा बजावलं होतं. बायकोने तर रजाच टाका म्हणून सांगितलं होतं. त्यावर, घरी बसलो तर तुलाच जॅमर लावीन, असं ते म्हणाले होते आणि हसले होते. मग चौकीवर येऊन त्यांनी नेमकी हीच फेरी मागून घेतली होती. बापाचं काळीज, दुसरं काय.

विद्यापीठात त्यांना सगळे जाऊदेकाका म्हणत. तोंडावर म्हणत, पाठीमागेही म्हणत. भलत्या जागी गाडी लावलेला माणूस धापा टाकत यायचा, सबब सांगायला लागायचा, आणि निम्मी सबब ऐकूनच हे म्हणायचे, "जाऊ दे, काढ आता." सबब खोटी आहे हे त्यांना कळत नसे असं नाही. पण त्यांचा एक रिवाज होता. चाकाला हात लावण्याआधी गाडीच्या काचेतून आत डोकावायचं. सीटवर औषधांची पिशवी, लहान मुलाचा बूट, एखादी काठी असं काही दिसलं की एक लांबची फेरी मारून यायचं. तोवर गाडी गेली तर गेली. आत नुसताच रुबाब दिसला तर मात्र गय नाही. माणूस गाडीवरून कळत नाही, गाडीच्या आत बघितलं की कळतो, असं ते नव्या शिपायांना सांगत. शिपाई माना डोलवत आणि चौकीत येऊन हसत.

हाच रिवाज मागच्या आठवड्यात अंगाशी आला होता. बंबाची रंगीत तालीम होती. बंब घंटा वाजवत आला आणि याच लाल पट्ट्यांपाशी अडकला, कारण जाऊदेकाकांनी सोडून दिलेली एक गाडी मधे आडवी होती. "आत कुबडी दिसली, साहेब," असं त्यांनी चौकीत सांगितलं. साहेब त्यांच्या निम्म्या वयाचे. "कुबडीने आग विझते का?" त्यांनी विचारलं, आणि किल्ल्यांचा जुडगा हवालदारांच्या पट्ट्यावरून काढून आपल्या खणात टाकला. यापुढे लावायचं तुम्ही, सोडायचं मी ठरवणार. पुन्हा तक्रार आली तर बदली. साहेबांचं काही चुकलं होतं असं हवालदारांनाही म्हणता येईना. रसायनांची इमारत ती, आणि आत त्यांचीच मुलगी दिवसभर काम करायची.

म्हणून आज त्यांनी कुणाचंच ऐकायचं नाही असं ठरवलं होतं. स्कूटर दवाखान्यातल्या नर्सची होती. तिने हात जोडले होते, मुलीला शाळेतून आणायचंय म्हणाली होती. किल्ली साहेबांकडे असते आणि साहेब लोकांना दुपारीच भेटतात, एवढं सांगून त्यांनी मान फिरवली होती. ती बिचारी विभागाच्या पायरीवर बसून शेजारणीला फोन लावत होती. आणि पांढऱ्या गाडीच्या बाबतीत तर त्यांनी आत डोकावूनही बघितलं नव्हतं. डोकं दुसऱ्या मजल्यावर, हात चाकावर, अशी सगळी गत.

आता सवयीने त्यांनी काचेला कपाळ लावलं. मागच्या सीटवर गडद निळ्या बांधणीचा एक जाड प्रबंध पडला होता. वर सोनेरी अक्षरं. एक कोपरा दबलेला. तो कोपरा त्यांच्याच हातून दबला होता. बांधणीवाल्याकडून सगळ्या प्रती त्यांनीच मांडीवर घेऊन आणल्या होत्या आणि घरात ठेवताना एक सटकली होती. मुलगी त्यावरून दिवसभर फुगून बसली होती. मग दबलेली प्रत जाऊ दे बाहेरगावी, इथल्यांना चांगल्या देऊ, असं ठरलं होतं.

हवालदारांनी कपाळ काचेवरून काढलं. आपण परीक्षक बाईंचीच गाडी जखडून ठेवली आहे, आणि सोडवायला किल्ली नाही.

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. जॅमर ओढून बघितला. लावणाऱ्यालाच सुटत नाही अशी ती वस्तू, तरी ओढून बघितला. तेवढ्यात दार उघडलं आणि त्यांची मुलगी पायऱ्या उतरून जवळजवळ पळतच आली. हातात गाडीची किल्ली होती. बाईंनी खुणा करून ठेवलेली प्रत गाडीत राहिली होती आणि ती आणायला त्यांनी हिलाच पाठवलं होतं. ती गाडीपाशी आली, चाकाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"बाबा, हे तू केलंस?"

विद्यापीठाच्या आवारात तिने त्यांना अशी हाक आजवर कधी मारली नव्हती. तो त्या दोघांमधला करार होता. पहिल्याच वर्षी वर्गातल्या कुणीतरी, काल एका ढेरपोट्या हवालदाराने माझी गाडी अडकवली, असं सांगितलं होतं. सगळे हसले, भीतीपोटी हीसुद्धा हसली, आणि घरी येऊन रडली. तेव्हा त्यांनीच तोडगा काढला. विद्यापीठात आपली ओळख नाही. तू तुझ्या वाटेने, मी माझ्या. पुढेपुढे त्याचा खेळच झाला. रात्री जेवताना ते म्हणायचे, आज पायरीवर बसून कसलं एवढं हसत होतीस? ती म्हणायची, आणि तू झाडाला टेकून डुलक्या काढत होतास त्याचं काय? इतक्या वर्षांत कुणालाही पत्ता लागला नव्हता. हवालदारांना त्याचा अभिमान वाटायचा. आपण चांगली नोकरी करतो तसाच चांगला अनोळखीपणाही करतो, असं ते बायकोला सांगत.

"बघितलं नाही गं आत," ते म्हणाले. "चुकलं माझं."

"मग काढ ना."

"किल्ली साहेबांकडे आहे."

तिने डोळे मिटून घेतले. "त्यांना परीक्षा झाली की लगेच परत निघायचंय. माझ्या सरांनी स्वतः त्यांना गाडी इथे उभी करायला सांगितली, काही होत नाही म्हणून. आता मी वर जाऊन काय बोलू? मला काही सुचणार नाही, बाबा."

"तू वर जा. तू तुझं बोल. खाली येशील तोवर चाक मोकळं असेल."

ती प्रबंध छातीशी धरून गेली. हवालदार चौकीकडे निघाले. पोलिसाने पळू नये, लोक घाबरतात, असं ते नेहमी सांगत. आज ते पळाले नाहीत एवढंच; बाकी काही शिल्लक ठेवलं नाही.

चौकीत साहेबांसमोर कुणीतरी पाहुणे बसले होते. हवालदार दाराशी उभे राहिले. आत चहा आला, कप रिकामे झाले, कुणाच्या तरी बढतीच्या गप्पा झाल्या. कधी नव्हे ते त्यांना साहेबांचा गळा धरावासा वाटला. शेवटी पाहुणे उठले. काय सांगायचं ते वाटेत त्यांनी चार प्रकारे ठरवलं होतं, पण साहेबांसमोर उभं राहिल्यावर जे खरं होतं तेच तोंडातून निघालं. गाडी मुलीच्या परीक्षकांची आहे. परीक्षा चालू आहे. सोडायचीय.

साहेब हसले. "मग आधी नाही का सांगायचं? पाहुण्याच आहेत त्या विद्यापीठाच्या. जाऊ दे, सोडून द्या." खण उघडून त्यांनी जुडगा पुढे केला.

हवालदारांनी हात पुढे केला नाही. "साहेब, शेजारी एक स्कूटर आहे. नर्सबाईंची."

"तिचा काय संबंध?"

"जागा तीच आहे, साहेब. आणि त्या समोरच बसल्यात. मघाशी त्यांना मी नाही म्हटलंय."

साहेबांना ते आवडलं नाही. तुम्हाला दोन बोटं दिली की हात मागता, असं काहीसं ते पुटपुटले. पण नाही म्हटलं नाही, आणि जुडगा हवालदारांच्या हातात पडला.

परत आले तेव्हा नर्स पायरीवरच होती. त्यांच्या हातातल्या किल्ल्या बघून ती उठली, मग थांबली आणि हळूच म्हणाली, "पोरगी तुमची आहे ना ती? ऐकलं मी. आधी मोठी गाडी काढा, काका. माझी शेजारीण गेलीय शाळेत."

इतक्या साध्या शब्दांनी माणसाला मेल्याहून मेल्यासारखं होऊ शकतं. सकाळी ज्या बाईचं निम्मंही ऐकून घेतलं नाही, तीच आता आपल्याला सूट देते आहे. हवालदार स्कूटरपाशी वाकले आणि आधी साखळीचंच कुलूप हातात घेतलं. ते गंजलेलं होतं. किल्ली आत गेली, पण फिरेना. त्यांनी फुंकर मारली, कुलूप फरशीवर आपटलं, घाम पुसला. नर्स म्हणत होती, राहू दे काका, आधी ती काढा. ते ऐकायला तयार नव्हते. साखळी सुटली एकदाची. नर्सने स्कूटर बाहेर काढली आणि आभार मानण्यात वेळ न घालवता निघून गेली. शहाणी बाई.

ते पांढऱ्या गाडीच्या चाकापाशी गुडघे टेकून बसतात न बसतात तोच दारातून माणसं बाहेर पडली.

त्यांनी वर बघितलं नाही. चपला दिसल्या, बूट दिसले. आणि हसरे आवाज ऐकू आले. "आता डॉक्टर म्हणून हाक मारायची बरं का," असं एका वयस्क बाईचा आवाज म्हणाला. "उत्तरं छान दिलीस. मधे जरा गडबडलीस, पण सावरलंस."

म्हणजे झाली. हवालदारांचे डोळे एकदम भरून आले आणि समोरचं कुलूप दिसेनासं झालं. आपली पोरगी डॉक्टर झाली आणि ती बातमी आपल्याला चाकाशेजारी बसून कळली. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. कुठेही कळली असती तरी तेवढीच गोड लागली असती.

"हे काय?" बाईंचा आवाज बदलला. "माझ्या गाडीला?"

मुलीचे सर पुढे झाले. खजील झाले होते आणि खजील माणूस दुसऱ्यावर ओरडतो. "अहो, पाहुण्यांची गाडी आहे. बघता येत नाही का? डोकं चौकीत ठेवून येता की काय?" मग बाईंकडे वळून म्हणाले, "आमच्याकडचे पोलीस हे असे. अक्षरशत्रू सगळे." हवालदारांनी मान खाली घालून, चूक झाली, आत्ता निघतं, असं म्हटलं. त्या जागेत गाडी लावायला कुणी सांगितलं हे त्यांना माहीत होतं. ते गिळून टाकलं.

"तू तर रोज असतेस इथे," सर मुलीला म्हणाले. "ओळखतेस का याला? नाव सांग, मी तक्रारच करतो."

कुलूप उघडलं होतं. जॅमर नुसता ओढायचा बाकी होता. हवालदारांनी तो ओढला नाही. त्यांना तिच्या चपला दिसत होत्या. त्या जराही हलल्या नाहीत. तक्रार म्हणजे बदली, हे त्यांना आठवलंसुद्धा नाही. ते फक्त तिच्या आवाजाची वाट बघत होते, आणि तिने काय म्हणावं हे त्यांचं त्यांनाच ठरवता येईना. आपणच घालून दिलेला नियम. मोड म्हणावं तर कुठल्या तोंडाने, आणि पाळ म्हणावं तर छाती फुटते.

"नाव नाही माहीत, सर," ती म्हणाली. "बघितलंय नुसतं. रोज असतात." आणि मग घाईघाईने, "जाऊ दे ना सर, बाईंना उशीर होतोय."

"खरंच जाऊ दे," बाई म्हणाल्या.

हवालदारांनी जॅमर ओढून काढला. "या बाई, झालं. मागे जरा जपून घ्या," असं म्हणून ते उठले आणि गाडी वळेपर्यंत हाताने वाट दाखवत राहिले. गाडी गेली. सर इमारतीकडे वळले. वर कुणीतरी मिठाई आणली होती, फोटो काढायचे होते, खिडकीतून तिला हाका येत होत्या.

ती जागची हलली नाही. रिकाम्या लाल पट्ट्यांच्या पलीकडच्या कडेला उभी राहून त्यांच्याकडे बघत होती. सगळा चेहरा रडवेला. एक पाऊल तिने पुढे टाकलं. पायरीवरून सर मागे वळून बघत होते.

हवालदारांनी जॅमर खांद्यावर घेतला होता. मोकळा हात त्यांनी वर केला आणि चौकात थबकलेल्या गाडीला करतात तसा तिला इशारा केला. पुढे चला, थांबू नका, रस्ता मोकळा आहे.

तिने टाकलेलं पाऊल मागे घेतलं. मग वळून पायऱ्या चढून गेली. ती दिसेनाशी झाली तरी त्यांचा हात बराच वेळ तसाच हलत होता.