शेंदराखालचे व्होल्ट

तेल्हाऱ्याकडच्या त्या गावात, कपाशीवर फवारणी चालू असतानाच्या दिवसांत, आरोग्य उपकेंद्रापुढे जत्रा लोटली होती. ओट्यावर पुंजाराम महाराज, पुढ्यात दोन कॅमेरे. एक सरकारी, कोरा. दुसरा शेंदरानं माखलेला.

"माय बसली हाय इथं! तिले परका डोळा खपत नाई!"

महाराजांनी छतावरून आलेली नेटची वायर सरकारी कॅमेऱ्यात खुपसली. फट् झालं, धूर निघाला. तीच वायर शेंदऱ्या कॅमेऱ्यात गेली आणि त्याचा दिवा शांतपणे लुकलुकू लागला. माणसांनी धडाधड हात जोडले. मायचा डोळा म्हणे भक्तीवर चालतो. वरून फक्त नारळ लागतो!

अकोल्याच्या जुन्या शहरातून दुरुस्तीला आलेली गजाला गर्दीतून हे पाहत होती. हा कॅमेरा रोगी अकोल्याच्या डॉक्टरला दाखवण्यासाठी होता. आधीचेही असेच जळाले, आणि फवारणीनं विषबाधा झालेली माणसं महाराजांच्या अंगाऱ्यावर पडून राहिली. गावातल्या जमुनाचा नवरा देवमन त्यातलाच. जमुना अंगाऱ्यासाठीच उभी होती.

"पोरी, तू बी एक जाळतं काय आता?" सरपंच भगवंतरावांनी विचारलं.

"नाई काका. काहून जळते, ते दाखवते."

तिनं शेंदऱ्या कॅमेऱ्यातून वायर काढून तिच्या मोकळ्या टोकाला मीटर लावला. "पाहा. कोणी मांगलं नाई, तरी वायरीत अठ्ठेचाळीस व्होल्ट येऊन राहिले." वायरीच्या दुसऱ्या टोकाला एक स्वस्तातला काळा डबा होता. समोर कोण आहे हे न विचारताच तो वीज ढकलत होता. जळालेल्या कॅमेऱ्याच्या बुडाशी छापलं होतं: बारा व्होल्ट. मग तिनं ओढणीच्या टोकानं दुसऱ्याचा शेंदूर पुसला. खाली निघालं: अठ्ठेचाळीस.

"मायले हात लावला इनं!" महाराज गरजले.

"गावात ऐकलं, तुमी आधी केबलचंच काम करत होते न, महाराज? तुमाले हे मालूम होतं."

महाराज नारळ आवरू लागले. गजालानं काळा डबा काढून त्याजागी नेटचा चांगला स्विच बसवला. "हा आधी विचारते, तुले वीज पायजे का? जवाब आला तरच देते." कपाटात उरलेला बारा व्होल्टचा कॅमेरा तिनं जोडला. तो चालला नाही, पण जळालाही नाही. मग तिनं स्विचला जवाब देणारा, स्वतः आणलेला कॅमेरा लावला. उपकेंद्रातल्या पडद्यावर अकोल्याचे डॉक्टर दिसले.

जमुना धावत गेली. देवमनला खाटेवर घालून आणलं.

"कधीपासून असा आहे?" डॉक्टरांचा आवाज चढला. "आत्ताच्या आत्ता निघा!"

जीप निघाली. अकोटच्या पुढे, वाटेतच देवमनचा जीव गेला.

गजाला जमुनाला भेटायला गेली तेव्हा अंगणात कुजबुज होती. भगवंतराव तोंडावरच बोलले, "शेंदूर पुसला म्हून माय कोपली." महाराजांच्या ओट्यावर पुन्हा नारळ फुटत होते. कॅमेरा चालू होता. त्याच्यापुढे कोणी येत नव्हतं.

"काका, आकडे तुमी सोताच्या डोयानं पायले," गजाला म्हणाली. "देवाले हात जोडा, माही ना नाई. पण जळलं तर काहून जळलं, ते विचारा. फवारणीचं इख आंगात गेलं तर आधी दवाखान्यात न्या."

जमुनानं मान वर केली.

"बाई, आदल्या दिवशी नेलं असतं तर?"

गजालाला खोटं बोलता आलं नाही. "वाचले असते, वहिनी. बहुतेक वाचले असते."